गाणं रस्त्याला लागतं तेव्हा

माझी आत्या अल्बमचा निकाल गाडीत लावते. नवा अल्बम घरी ऐकून तिचं समाधान होत नाही. तो एखाद्या घाटातून नेऊन आणल्याशिवाय ती त्याच्याबद्दल मत देत नाही. आयुष्यभर तिने गाणं शिकवलं आणि त्यासाठी स्वतः गाडी चालवत गावोगाव फिरली. मी मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. माझा दिवस बंद खोलीत, स्पीकरांसमोर जातो, आणि गाणं ऐकायची जागा शांतच असली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. यावर आमचं वारंवार बोलणं झालं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग इथे मांडतो, कारण हा प्रश्न आम्हा दोघांच्या आवडीनिवडीपुरता नाही. पूर्ण अल्बम, त्याच्या क्रमाने, मध्ये न सोडता ऐकण्याची जागा आज बऱ्याच लोकांसाठी गाडीच उरली आहे. तिथे काय कानावर पडतं आणि काय निसटतं, हे तपासून बघायला हवं.

मी : आत्या, मला तुझ्या कसोटीचा पायाच पटत नाही. शांत खोलीत मागचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असतो. साधी मोटार ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा आत टायर, वारा आणि इंजिन मिळून ६५ ते ७० डेसिबलचा गोंगाट असतो. तंबोऱ्याची जवारी, आलापातला खर्ज, दोन स्वरांमध्ये गायकाने ठेवलेली जागा, सगळं त्याखाली गडप होतं. शिवाय तू एका स्पीकरच्या जवळ आणि दुसऱ्यापासून लांब बसलेली. आजूबाजूला काचा, त्या आवाज परत फेकणार. जे धड ऐकूच आलं नाही, त्यावर मत कसं द्यायचं?

आत्या : काय ऐकू येत नाही ते तू सांगितलंस. काय ऐकू येतं ते मी सांगते. घरी तू अल्बम लावतोस आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत फोन हातात घेतोस. तिसरं गाणं पहिल्या अर्ध्या मिनिटात आवडलं नाही की पुढे ढकलतोस. गाडीत माझे हात स्टिअरिंगवर असतात, डोळे रस्त्यावर. चाळीस मिनिटं मी कुठे उठून जात नाही, कुणी दार वाजवत नाही. अल्बम करणाऱ्याने कुठल्या गाण्यानंतर कुठलं ठेवलं, मध्ये किती उसंत दिली, चढत चढत कुठे नेलं आणि कुठे आणून सोडलं, हे सगळं मला तिथे कळतं. एकेक गाणं ऐकायला खोली पुरते रे. पण अल्बम ही वेळेत पसरलेली गोष्ट आहे, तिला सलग वेळ द्यावा लागतो.

मी : क्रम कळला म्हणजे नेमकं काय कळलं? एखादा अल्बम घेऊन सांग.

आत्या : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घे. १९६७ ची एचएमव्हीची तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि निर्माते आपले जी. एन. जोशी. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात आहे. अहीर भैरवाने पहाट होते आणि पहाडीपाशी रात्र. घरी मला त्यातले तुकडे सुटे आवडायचे. पहाटे निघून एकदा सलग ऐकल्यावर लक्षात आलं की मधला पिलू आणि भूप यांचं काम निव्वळ गोड वाजण्याचं नाही. ते उजेड बदलत नेतात. पुढे त्याची एक सीडी निघाली, तिच्यात शेवटी जास्तीचे तुकडे जोडलेले होते. वाजवणारे तेच, वादन सुंदर. पण रस्त्यावर ते लगेच खटकलं. दिवस मावळला होता, मेंढपाळ घरी पोचला होता, आणि वादन आपलं चालूच! खोलीत मला कदाचित ते जाणवलंच नसतं.

मी : हा मुद्दा मान्य. पण त्या अल्बमचा विषयच प्रवासाच्या जवळचा आहे. डोंगर, दरी, चालणारा माणूस. खिडकीतून तसंच दृश्य दिसतं आणि आपण खूश होतो. ती मदत देखाव्याची झाली, संगीताची नाही.

आत्या : रस्त्याबद्दलचं गाणं आणि रस्त्यावर ऐकण्याजोगं गाणं यांची गल्लत मी करत नाही. ‘दिल चाहता है’ आला २००१ साली. त्यात तीन मित्र मुंबईहून गोव्याला गाडीने जातात, आणि तेव्हापासून गोव्याला निघालेल्या प्रत्येक गाडीत ते गाणं वाजतं. त्यात चित्रपटाच्या आठवणीचा वाटा किती आणि गाण्याचा किती, हे वेगळं काढायला हवं हे मलाही कळतं.

मी : मग माझं उदाहरण ऐक. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’, १९८२ चा. त्याने तो घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन मुद्रित केला. त्यात रात्रीचे महामार्ग आहेत, हायवेवरचे पोलीस आहेत, एकट्याने गाडी चालवणारी माणसं आहेत. रस्त्याबद्दलचा याहून चांगला अल्बम मला माहीत नाही. आणि तोच हायवेवर लाव. तो इतक्या खालच्या आवाजात गातो की निम्मे शब्द टायरच्या आवाजात विरघळतात. आवाज वाढवला की गिटार टोचायला लागते. तुझ्या कसोटीवर हा अल्बम नापास. आता दोष कुणाचा, अल्बमचा की कसोटीचा?

आत्या : दोघांचाही नाही. नापास झालेला अल्बम कमी प्रतीचा, असं मी कधी म्हटलंय? किशोरीताईंचा भूप मी गाडी चालवताना लावत नाही. तो स्वर इतका खेचून घेतो की पुढच्या ट्रकचे ब्रेकचे दिवे मला उशिरा दिसतील. तो मी घरी, तंबोरा जुळवावा तितक्या तयारीने ऐकते. माझं म्हणणं एवढंच, की रस्त्यावर नापास झाल्याने कुठल्याच अल्बमचं काही जात नाही. पण जो पास होतो त्याच्यात एक गुण असतो, आणि तो गुण तुमच्या खोलीतल्या समीक्षेत मोजलाच जात नाही.

मी : कुठला गुण? आवाज मोठा आणि ठेका सरळ असला की कुठलंही गाणं गाडीत चालतं. लग्नाच्या वरातीतलं संगीतही पास होईल.

आत्या : पहिले दहा किलोमीटर होईल. पुढे डोकं दुखायला लागतं. मी बघते ते वेगळंच. गाडी चालवताना लक्ष तुटतं, तुटायलाच हवं. कंटेनर लेन बदलतो, टोल नाका येतो, कुणी उलट्या बाजूने येतो. अर्धा मिनिट एकही स्वर माझ्यापर्यंत पोचत नाही. त्यानंतर मी गाण्याकडे परत येते तेव्हा मला पुन्हा आत शिरता येतं का? ‘आपण इथे आहोत’ हे ते गाणं मला सांगतं का? काही संगीत एकदा धागा सुटला की बाहेरच उभं करतं. काही संगीत येणाऱ्याला जागा करून देतं.

मी : म्हणजे मुखडा किंवा ध्रुवपद असलेलं कुठलंही गाणं.

आत्या : नुसतं असून भागत नाही, ते योग्य वेळी परत यावं लागतं, आणि दर वेळी थोडं नवं होऊन यावं लागतं. भीमसेनजींचे अभंग ऐक. ते स्वतः मोटार चालवत दूरदूरच्या मैफलींना जायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या अभंगात चरण कितीही वर गेला तरी ध्रुवपदावर असे उतरतात की लक्ष तुटलेला माणूसही तिथे बरोबर सापडतो. आणि हे आजचं नाही. अभंग वारीत म्हटला जातो. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्याच्या पायाखाली चिखल असतो, खांद्यावर पताका असते, शेजारचा पाणी मागत असतो. शंभर गोष्टींकडे लक्ष देत असलेल्या माणसाला टाळ-मृदंगाच्या चालीत परत सामील होता यावं, अशीच त्या गाण्याची घडण आहे. जात्यावरच्या ओव्या तशाच. आपलं किती तरी संगीत हातपाय कामात गुंतलेल्या माणसांनी घडवलंय. शांत बसून, डोळे मिटून ऐकणं ही ऐकण्याची एक पद्धत आहे, एकमेव नाही.

मी : थांब, इथे एक फरक तू बाजूला ठेवतेस. जात्यावरची बाई स्वतः गाते. वारकरी स्वतः गातो. जात्याची फेरी आणि ओवीची लय एकाच हातातून येते, पायाची चाल आणि अभंगाची चाल एकाच अंगातून. तुझ्या गाडीच्या चाकांचा आणि गाण्याच्या लयीचा काही संबंध नाही. तू श्रोती आहेस, आणि अर्धवट लक्ष देणारी श्रोती आहेस.

आत्या : मी श्रोती कुठे? मी गाते. गाडीत एकटा असताना न गाणारा माणूस मला दाखव. जे लोक चारचौघांत तोंड उघडत नाहीत, ते काचा वर करून मोकळेपणाने गातात. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी घरी सासरच्या माणसांसमोर रियाज करायला बुजायच्या. त्या स्वतःची गाडी चालवायला लागल्या आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. अल्बम गायला बोलावतो की नुसता समोर बसवून ठेवतो, हेही मला गाडीतच समजतं.

मी : गाणं वाढलं की वेगही वाढतो, त्याचं काय? इस्रायलमधल्या वॉरन ब्रॉडस्की यांनी २००२ साली सिम्युलेटरवर प्रयोग केला होता. संगीताची लय जलद होत गेली तसा चालकांचा वेग वाढला, लाल दिवे ओलांडण्याचं प्रमाणही वाढलं. नंतर २०१३ साली त्यांनी ८५ तरुण, नवशिक्या चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवडीचं संगीत वाजत असताना चुका जास्त झाल्या. त्यांनी मुद्दाम गाडीसाठी म्हणून बांधलेलं, फार लक्ष न वेधणारं संगीत वाजवल्यावर चालवणं सुधारलं. याचा अर्थ बघ. गाडीला सगळ्यात योग्य संगीत म्हणजे ज्याच्याकडे लक्षच जात नाही असं संगीत. तुझ्या कसोटीवर पहिला नंबर त्याचा यायला हवा. तुला तो चालेल?

आत्या : नाही चालणार, पण मुद्दा खरा आहे. सुरक्षितपणा ही पहिली पायरी, तिच्यावर तडजोड नाही. द्रुत तराणा मी घाटात लावत नाही, पाय आपोआप दाबला जातो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मध्ये ‘टाइम’ सुरू होताना एकदम सगळी घड्याळं वाजू लागतात. मला तो अल्बम फार आवडतो, पण वळणावर ती घड्याळं नकोत. म्हणून जो अल्बम धोका वाढवतो तो पहिल्या पायरीवरच बाद. पण पहिली पायरी चढला म्हणून कुणी वरच्या मजल्यावर पोचत नाही. लक्ष न वेधणारं संगीत मी पुन्हा ऐकायला मागणार नाही. मला हवाय तो अल्बम जो मागतो कमी, देतो जास्त. मी वळले की हजर असतो, आणि रस्त्याने मला हाक मारली की सोडून देतो. असं संगीत बांधणं फार अवघड आहे. तू स्वतः या कामात आहेस, तुला मी काय सांगायचं.

मी : मग ते जमलेलं एक उदाहरण मीच देतो. क्राफ्टवर्कचा ‘ऑटोबान’. १९७४, जर्मनी. तबकडीची पहिली अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, २२ मिनिटांहून थोडी जास्त. गाडीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं, हॉर्न वाजतो, आणि मग सिंथेसायझरवर ती एकसारखी चाल सुरू होते. बाजूने गाडी गेल्यावर तिचा आवाज जसा उतरतो, तसे स्वरही उतरतात. रेडिओसाठी त्याचं साडेतीन मिनिटांच्या आसपासचं रूप निघालं आणि ते अमेरिकेतही गाजलं, पण खरी रचना मोठीच. त्यात बदल होतात ते इतक्या सावकाश की सूर केव्हा बदलला हे मागे वळून पाहिल्यावर कळतं. किंवा स्टीव्ह राइश यांचं ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’, १९७८ साली तबकडीवर आलेलं. सुरुवातीला अकरा स्वरसमूह ऐकवायचे, आणि पुढे एकेकावर एकेक भाग उभा करायचा. साधारण तासभराचं सलग वादन. नाडी एकच, वरचे रंग बदलत जाणारे. तुझी ‘परत शिरण्याची’ अट या दोन्ही रचना पूर्ण करतात.

आत्या : दोन्ही उत्तम. आता त्या समृद्धी महामार्गावर लाव.

मी : का? सरळ, रुंद रस्ता. त्यांच्यासाठी याहून योग्य जागा कुठली?

आत्या : तिथेच तर धोका आहे. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, काँक्रीटचा रस्ता, मैलोन्‌मैल वळण नाही, सपाटीवर गाड्यांना ताशी १२० ची मुभा. तो सुरू झाल्यापासून रस्त्याच्या संमोहनाची चर्चा चालली आहे, आणि ती खरी आहे. डोळे उघडे असतात आणि मन झोपतं. अशा रस्त्यावर एकसारखी नाडी आणि सावकाश बदल म्हणजे डोळ्यांवर पांघरूण घालणं. तिथे मला माणसाचा आवाज लागतो, शब्द लागतात, दर पाच मिनिटांनी वेगळा ताल लागतो. तमाशातली, लोकनाट्यातली गाणी मी तिथे लावते. त्यात प्रश्नोत्तरं असतात, कोपरखळी असते, मन जागं राहतं. तेच ‘ऑटोबान’ मी वरंध घाटात किंवा आंबोलीत लावलं तर? तिथे रस्ताच दर क्षणी बदलत असतो, तिथे ती एकसारखी चाल मला शांत ठेवेल. म्हणून ‘हा अल्बम गाडीसाठी चांगला’ एवढंच वाक्य अर्धवट आहे. कुठल्या रस्त्यासाठी, कुठल्या वेळी, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

मी : म्हणजे आता तुझी कसोटी एका अल्बमची राहिली नाही. अल्बम आणि रस्ता अशा जोडीची झाली. त्याने तर माझंच म्हणणं भक्कम होतं. रचनेचं मोल रस्त्यावर अवलंबून असेल तर ते रचनेचं मोल कसलं?

आत्या : रागाला वेळ असते ना? सकाळचा तोडी रात्री गायला म्हणून तोडी वाईट ठरत नाही, पण सकाळी तो जास्त उलगडतो असं आपण मानतोच. संगीत कुठे आणि केव्हा ऐकलं जातं याला आपल्या परंपरेत मान आहे. मी त्यात रस्त्याची भर घातली, एवढंच.

मी : परंपरेचं नाव घेतलंस म्हणून विचारतो. ज्याने रचना केली त्याने ती कशी ऐकली जावी असं ठरवलं होतं, त्याला काही किंमत आहे की नाही? ‘गीतरामायण’ घे. एप्रिल १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक गीत, एकूण ५६ गीतं. एका गीतानंतर ऐकणारा आठवडाभर ते मनात घोळवत राहायचा. तू पुण्याहून निघून नागपूर येईपर्यंत रामजन्मापासून लवकुशांपर्यंत सगळं संपवतेस. तो आठवडा तू काढून टाकलास.

आत्या : तो आठवडा बाबूजींनीच काढून टाकला. त्यांनी ‘गीतरामायणा’चे मंचावर किती कार्यक्रम केले! एका बैठकीत गीतामागून गीत. श्रोते तिथेही रडले. चांगल्या रचनेला एकच घर नसतं. आणि ठरवण्याचंच म्हणशील तर मैफल तीन-चार तासांची, जुनी तबकडी मात्र एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग उभा केला. मग लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तर विलंबित आणि द्रुत त्यात बसवले. तंत्राने आपल्या गाण्याला किती वेळा कापलं आणि शिवलं! त्यातून जे वाचलं, ते गाडीत मरेल असं तुला वाटतं?

मी : दोन्हीत मोठा फरक आहे. तीन मिनिटांची मर्यादा खाँसाहेबांना गाताना माहीत होती. त्यांनी ती स्वीकारून गायलं, म्हणून ती रेकॉर्ड ही एक पूर्ण कलाकृती झाली. तुझ्या टायरचा आवाज मागाहून येतो. गायकाने तो कधी मान्य केलेला नाही.

आत्या : हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. मी त्यावर एक माणूस उभा करते. ग्लेन गूल्ड. बाख वाजवण्यात त्याचा दबदबा. १९६४ साली त्याने मैफली कायमच्या सोडल्या, कारण ध्वनिमुद्रण आणि ते ऐकणारा माणूस यांच्यावर त्याचा जास्त विश्वास होता. त्याने १९६७ साली एक लेख लिहिला, पेटुला क्लार्क या इंग्लिश पॉप गायिकेवर. कुठे ऐकलं होतं त्याने तिला? ओंटारिओतल्या १७ नंबरच्या महामार्गावर, लेक सुपीरियरच्या उत्तरेला, गाडीच्या रेडिओवर, एकटा गाडी चालवताना. तिची गाणी पुन्हा पुन्हा लागत होती, आणि लाकडाच्या कारखान्यांची ती एकाकी गावं मागे पडत होती. त्या ऐकण्यातून त्याने तिच्या गाण्यांच्या रचनेचं गंभीर, बारकाईचं विवेचन केलं. इतक्या तयारीच्या कानाला जर गाडीच्या फाटक्या रेडिओवर संगीत समजू शकतं, तर दोष रस्त्याला देता येत नाही.

मी : त्याचा कान आधी हजारो तास शांत खोलीत तयार झाला होता, हे विसरू नकोस.

आत्या : माझाही झाला आहे. आणि म्हणूनच मी रस्त्यावर ऐकू शकते. हे मी मान्य करते.

मी : आता माझी खरी भीती सांगतो. परीक्षा जशी असेल तसा अभ्यास होतो. सगळे लोक गाडीत ऐकून मत देऊ लागले, तर अल्बम करणारे गाडीसाठीच करू लागतील. हे झालेलंच आहे. गोंगाटातही प्रत्येक स्वर वर राहावा म्हणून हळू आणि मोठा यातलं अंतर दाबत नेलं. आमच्या धंद्यात त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. २००८ साली मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा खुद्द चाहत्यांनी तक्रार केली की तो इतका दाबला आहे की ऐकताना थकवा येतो. त्याच गाण्यांचं एका व्हिडिओ गेममधलं रूप कमी दाबलेलं होतं, आणि लोकांना ते जास्त चांगलं वाटलं. हळू आवाज हा संगीताचा अर्धा श्वास आहे. तुझ्या कसोटीने तोच कोंडतो.

आत्या : याची दुसरी बाजू डेट्रॉइटला बघ. तिथल्या बेरी गॉर्डीने मोटारीच्या कारखान्यात, असेंब्ली लाइनवर काम केलं होतं. त्याने १९५९ साली सुरू केलेली कंपनी पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. त्यांचे ध्वनितंत्रज्ञ गाणं छोट्या, गाडीच्या रेडिओसारख्या स्पीकरवर वाजवून बघायचे. तिथे ऐकू आलं तरच ठीक. त्यामुळे खंजिरी कुठे ठेवायची, गाणाऱ्याचा आवाज किती पुढे आणायचा, याचा त्यांनी विचार केला. ती गाणी काही गुदमरली नाहीत. आजही ऐकावीशी वाटतात.

मी : त्यांनी मांडणी बदलली, म्हणून ती गाणी जगली. कुठलं वाद्य कुठल्या पट्टीत बोलेल आणि कुठे गप्प बसेल, हे त्यांनी ठरवलं. नंतरच्या लोकांनी मांडणीऐवजी फक्त आवाज दाबून वर आणला. तो आळशी मार्ग होता. मीही प्रत्येक मिक्स पार्किंगमध्ये नेऊन गाडीत ऐकतो. आमच्यातले बहुतेक जण ऐकतात. खर्ज जास्त झाला का, शब्द बुडतात का, हे तिथे कळतं. पण ती शेवटची तपासणी असते. निर्णय खोलीत झालेला असतो.

आत्या : मग गोंगाटावर मात करायचं काम गाडीकडे सोपवा ना. वेग वाढला की आपोआप आवाज वाढवण्याची सोय आता कितीतरी गाड्यांत असते. अल्बममधला हळू आवाज तसाच ठेवा, तो दाबायचा की नाही ते ऐकणाऱ्याच्या यंत्राला ठरवू द्या. ‘नेब्रास्का’ दाबून मोठा करून मला दिला, तर मी तो परत करेन. तो मी गाडी बाजूला उभी करून ऐकेन, पण तसाच ऐकेन. माझ्या कसोटीसाठी कुणी अल्बम बिघडवावा हे मला मुळीच मान्य नाही.

मी : मग आपण जमिनीवर येऊ. मला वाटतं, पहिलं ऐकणं शांततेत व्हावं. कलाकाराने दिलेलं सगळं एकदा तरी पुरतं आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे. दुसरं ऐकणं खुशाल रस्त्यावर होऊ दे. आणि अल्बमवर मत देणाऱ्याने, मग तो समीक्षक असो की मित्राला शिफारस करणारा, आपण तो कुठे ऐकला हे सांगावं. हेडफोनवर, बैठकीच्या खोलीत, लोकलमध्ये की घाटात. जागा सांगितली की मत प्रामाणिक होतं, आणि ऐकणाऱ्यालाही आपली जागा निवडता येते.

आत्या : जागा सांगावी, हे शंभर टक्के मान्य. क्रमाबद्दल माझं वेगळं आहे. मला पहिल्यांदा रस्त्यावरच ऐकू दे. काही निसटेल, निसटू दे. जे निसटूनही मला बोलावतं, त्यासाठी मी घरी येऊन दार लावून बसेन. तू शांततेपासून सुरुवात करून रस्त्याकडे ये, मी रस्त्यावरून शांततेकडे येते. पण दोघांनीही दोन्ही प्रवास करायचे. आणि एक अट माझी. गाणी उलटसुलट करून ऐकायची नाहीत. ज्याने क्रम लावला त्याने विचार करून लावला आहे. निदान एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आत्याचा आणि माझा मतभेद इथेच थांबला, आणि तो पूर्ण मिटावा असं मला वाटतही नाही. शांत खोलीची बाजू मी सोडणार नाही. मंद्रातला एक कण स्वरसुद्धा कुणीतरी श्रम करून लावलेला असतो आणि तो ऐकला जाण्याचा त्याला हक्क आहे. पण आत्याच्या कसोटीने मला एक गोष्ट कायमची दिली. संगीताने ऐकणाऱ्याकडून सगळं लक्ष मागावं हा त्याचा मोठेपणा असतो, तसंच थकलेल्या, कामात गुंतलेल्या, अर्धं लक्ष देऊ शकणाऱ्या माणसाला परत परत आत घ्यावं हाही मोठेपणाच असतो. आपल्या अभंगांत तो शतकानुशतकं आहे. आजच्या अल्बमच्या समीक्षेत त्याला नाव नाही, मोजमाप नाही. ते द्यायला हवं. जो अल्बम तीन तासांचा घाटरस्ता सोबत करतो, चालवणाऱ्याला जागा ठेवतो आणि पोचल्यावरही पुन्हा ऐकावासा वाटतो, त्याच्याबद्दल लिहिताना हा गुण ठळकपणे लिहिला जावा, आणि तो बांधणाऱ्या संगीतकाराला त्याचं श्रेय मिळावं.